कुलूप लावण्याआधी सर्किट देऊन टाका

मागच्या अंकात या पानाच्या शेवटी मी चार ओळी लिहिल्या होत्या. मिरजेतलं माझं ॲम्प्लिफायरचं वर्कशॉप एकतीस वर्षं चालवून २०२२च्या दसऱ्याला बंद केलं आणि आता घरातल्या मागच्या खोलीत स्वतःच्या कामाला बसतो, एवढंच. एरवी या सदराला ‘मशीनमधून गुणगुण का येते’, ‘एका लाइनवर किती कर्णे चालतील’ अशी पत्रं येतात. या महिन्यात मात्र दुकान बंद करायला निघालेल्या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं आली. त्यातली पाच घेतो. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मी चोवीस वर्षं भजनी मंडळं, देवळं, ग्रामपंचायती यांच्यासाठी बॅटरीवरही चालणारे ६० आणि १०० वॅटचे ॲम्प्लिफायर बनवतो. ट्रान्सफॉर्मरचं वायंडिंग, म्हणजे तारेचे वेढे भरणं, घरचंच. आता ब्लूटूथवालं तयार मशीन ज्या किमतीला मिळतं, तेवढ्यात माझा नुसता ट्रान्सफॉर्मर होतो. वय ५६. मुलगा नोकरीला आहे, तो यात येणार नाही. बंद करायचं पक्कं केलंय, पण सुरुवात कुठून करू? जीएसटी आहे, एक कारागीर आहे, आणि गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवू हे कळत नाही.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सुरुवात वहीपासून करा. तुमच्या हातून किती मशीन बाहेर गेली आणि ती कुठं आहेत, हे आधी लिहून काढा. मी १९९१पासून प्रत्येक मशीनच्या चॅसीवर आतून मार्करनं नंबर घालत होतो आणि तोच नंबर वहीत. बंद करायचं मनात आलं तेव्हा तीन रविवार बसून मोजलं, ११४० भरली. त्यातली किती चालू असतील माहीत नव्हतं, म्हणून फोन करायला लागलो. जत, कवठेमहांकाळ, सांगोला, पलीकडे अथणी, चिकोडी. दिवसाला दहा फोन. बंद करतोय हे गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, ते आपणच सांगावं. तोंड दाखवायची भीती मलाही होती. बहुतेकांनी एकच विचारलं : ‘मग आता बिघडलं तर कुणाकडं न्यायचं?’ त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार असेल तर बाकी सगळं सोपं आहे. त्याकडे वळतोच.

त्याआधी तारखा ठरवा. मी मशीनला एक वर्षाची हमी देत होतो. म्हणून नवीन मशीन विकणं २०२१च्या दसऱ्याला थांबवलं आणि पुढचं वर्षभर फक्त दुरुस्ती केली. शेवटच्या मशीनची हमी संपली त्याच सुमारास दुकान संपलं. तुमचं दुकान एकट्याच्या मालकीचं असणार. त्यात दुकान वेगळं आणि माणूस वेगळा असं कायदा मानत नाही. पाटी उतरवली तरी देणं तुमच्याच नावावर राहतं. ग्राहक कायद्यात तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. हमी चालू असताना कुलूप लावू नका.

मग फडताळाकडे बघा. दुरुस्तीला टाकून कुणी परत न नेलेली मशीन तुमच्याकडे असतीलच. माझ्याकडे ३७ होती. शेजारचे म्हणाले, भंगारात घाल, पैसे तरी येतील. तसं करू नका. आपली मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घ्यायचा हक्क दुरुस्ती करणाऱ्याला १८७२च्या करार कायद्याच्या कलम १७०नं दिला आहे, पण ती विकायचा हक्क त्यात येत नाही. मी ३७ पैकी २९ मशीन स्वतः टेंपोतून पोचवली, मजुरी मागितली नाही. त्यात ८०७ व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या जमान्यातल्या काचेच्या नळ्यांच्या) जोडीवरचं एक जुनं मशीन होतं, १९९८ला कुणीतरी टाकून गेलेलं. टाकणारे गृहस्थ वारले होते. त्यांच्या नातवानं ते अंगणात उतरवून घेतलं, आजीला बाहेर बोलावलं, आणि आजींनी मशीनला हळदकुंकू लावलं. मला टेंपोत चढून बसावं लागलं, उभं राहवेना. उरलेल्या आठांचे मालक सापडले नाहीत. ती आजही माझ्याकडे आहेत, चिठ्ठ्यांसकट.

आता मुख्य गोष्ट. गिऱ्हाइकानं मशीन कुणाकडं न्यायचं?

इतकी वर्षं काम करताना तुम्ही सर्किटमध्ये बदल केले असतील. एखादा रेझिस्टर बाजारात मिळेना म्हणून दुसरा टाकला असेल, बॅटरीवर आवाज फाटायचा म्हणून बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरला आधीच देऊन ठेवायचा थोडा प्रवाह, बदलला असेल, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे वेढे कमीजास्त केले असतील. हे सगळं डोक्यात असतं, कागदावर नसतं. माझंही नव्हतं. पुढं जतच्या कारागिरानं माझं मशीन उघडलं तर त्याला जळका २एन३०५५ ट्रान्झिस्टर दिसणार. तो बाजारातून नवीन आणणार, आणि त्यातले निम्मे खोटे. टोपी कापून बघितली तर खोट्याच्या आतली सिलिकॉनची चकती अस्सलपेक्षा पुष्कळ लहान असते. वर छापलेला नंबर तोच, पण त्या चकतीला १५ अँपिअर कुठून झेपणार? दोन तासांच्या भजनात तो बसतो. मग कारागीर म्हणतो, मिरजेचं मशीनच वाईट. एकतीस वर्षं घासून केलेलं काम अशा एका वाक्यात जाऊ नये असं मला फार वाटत होतं.

म्हणून मी सहा महिने रोज संध्याकाळी सर्किटचे नकाशे काढले. चार मॉडेल होती. प्रत्येकाचं पूर्ण सर्किट, कोणत्या साली काय बदललं ते, प्रत्येक टप्प्यावर मल्टिमीटरला किती व्होल्ट दिसायला हवेत ते, आणि ट्रान्सफॉर्मरचा सगळा तपशील : गाभ्यातल्या लोखंडी पट्ट्यांचा नंबर, त्यांच्या थराची जाडी, वेढे किती, तार किती गेजची, कुठल्या थरावर कागद. ट्रान्सफॉर्मरचा तपशील कुणी देत नाही, कारण तेच आपलं गुपित असतं. मी तो सगळ्यात आधी लिहिला. जळलेला ट्रान्सफॉर्मर पुन्हा भरता आला तरच मशीन जगतं. झेरॉक्स काढून वहीतल्या गावांजवळच्या अकरा दुरुस्तीवाल्यांना दिल्या, सोबत माझ्याकडच्या जुन्या अस्सल ट्रान्झिस्टरांची एकेक पुडी. त्या वर्षात दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनच्या झाकणाला आतून एक प्रत चिकटवली.

‘उद्या कुणी तुमचं मशीन बनवून विकलं तर?’ असं माझ्या दुकानातल्या कारागिरानं मला विचारलं होतं. बनवू दे. मला त्यातून आता काही मिळवायचं नाही, आणि चांगलं मशीन देवळात बंद पडून राहण्यापेक्षा ते बरं. तुमच्याकडे वेळ एकाच कामापुरता असेल तर हे करा. बाकीचं थोडं कमीजास्त झालं तर चालेल.

कारागिराविषयी. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा माणसांच्या आस्थापनेपासून लागतो, तेव्हा तुमच्यावर सक्ती नाही. माझ्यावरही नव्हती. पण हिशेब त्याच पद्धतीनं करा असं सांगेन : शेवटचा पगार, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. माझ्याकडच्या माणसाचा पगार १४ हजार आणि नोकरी १९ वर्षं, म्हणजे १ लाख ५३ हजारांच्या वर. ती रक्कम एकदम नव्हती, तीन हप्त्यांत दिली. वायंडिंग मशीनही त्यालाच दिलं. आज तो मोटारी भरतो, आणि माझ्यापेक्षा सफाईदार भरतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, पुढचं तुमचे करसल्लागार बघतील. जीएसटी रद्द करायचा अर्ज आरईजी-१६ या फॉर्मवर. रद्द होण्याच्या आदल्या दिवशी शिल्लक असलेल्या मालावर आणि यंत्रांवर घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नियमानुसार परत भरावं लागतं, म्हणून माल आधी संपवा, अर्ज मागून. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र भरायचं असतं. पुष्कळ जण अर्ज मंजूर झाला की संपलं असं समजतात आणि इथं अडकतात. दुकान बंद केल्याचं गुमास्ता खात्याकडे, म्हणजे दुकानाची नोंदणी असते तिथं, ३० दिवसांत कळवायचं. व्यवसाय कराची नोंदणी आठवणीनं रद्द करून घ्या, नाहीतर वर्षाचे २,५०० चढत राहतात. वह्या आणि बिलं लगेच फेकू नका, जीएसटीसाठी ती वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात.

दिवस कोणता निवडावा हे तुम्ही विचारलेलं नाही. मी खंडेनवमीला सोल्डरिंग आयर्न, पकड, मल्टिमीटर यांची नेहमीसारखी पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पाटी उतरवली. हत्यारं पूजेतूनच घरी नेली, त्यामुळे ती रिकाम्या दुकानातून उचलून आणल्यासारखं वाटलं नाही.

प्रश्न : भाऊ, आमच्या यजमानांचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. भावगीतं, अभंग, लग्नाच्या व्हिडिओचे आवाज, सगळं करत. मार्चमध्ये बंद केला. वीस वर्षं म्हणत होते, धंदा सुटला की मनासारखं रेकॉर्डिंग करीन. सहा महिने झाले, माइक खोक्यातून बाहेर आलेला नाही. दिवसभर टीव्हीसमोर असतात. काही बोलले की चिडतात. मी काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, माझेही पहिले चार महिने असेच गेले. सकाळी साडेनऊला अंगात शर्ट चढायचा आणि मग जायचं कुठं ते कळायचं नाही. त्या दिवसांत घरातलं जो तो विचारायचा, ‘मग आता काय करणार?’ त्या प्रश्नानं मी जास्त मिटत गेलो. तुम्ही तो विचारत असाल तर थोडे दिवस विचारू नका. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन येत असतील तर येऊ देत. ते फोनवर सल्ला देत बसले तर तो वेळ फुकट गेला असं समजू नका. मला त्या फोनांनीच तारलं.

मनासारखं काम हे फार मोठं नाव आहे. वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते सुरू करायला हात धजत नाही, कारण ते बिघडलं तर पुढं वाट बघायला काहीच उरत नाही. माझं सुरू झालं ते भलत्याच ठिकाणाहून. माळ्यावर २१२ कॅसेट होत्या. १९८८पासून २००१पर्यंत हरिनाम सप्त्याला मशीन लावायला जायचो तेव्हा मशीनच्या लाइनमधून टेपरेकॉर्डरला वायर जोडून भजन, कीर्तन भरून घ्यायचो. बायको म्हणाली, या टाकायच्या का? मी एक काढून बघितली. आतला प्रेशर पॅड निखळलेला, पट्टीच्या कडेला पावसाळ्यातली पांढरी बुरशी. ती नीट करायला तीन दिवस गेले : सिलिका जेलच्या डब्यात ठेवून सुकवली, मऊ ब्रशनं बुरशी झाडली, पट्टी दुसऱ्या कवचात घातली. डेकचा रबरी पट्टा डांबरासारखा वितळला होता, तो बदलला. हेडचा कोन छोट्या स्क्रूनं हलवत हलवत आवाज उजळेपर्यंत आणला. आणि कॅसेटमध्ये भजन नव्हतंच. पहाटे जेवणघरात कुणीतरी माइक चालू ठेवला होता, आणि माझी आत्या दळणाच्या ओव्या म्हणत होती. आत्या १९९६ला गेली.

त्या दिवसापासून रोज एक कॅसेट. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं द्यावीच लागतात, घाई करता येत नाही, हे मला मानवलं. कॉम्प्युटरवर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला भरतो, म्हणजे तासाला साधारण दोन जीबी. मूळ प्रतीवर आवाज साफ करायचा कुठलाच फिल्टर लावत नाही. खरखर राहते, राहू दे.

तुमच्या यजमानांना मोठं काही सुचवू नका. घरात किंवा शेजारात ओव्या, हादग्याची गाणी येणारी कुणी वयस्क बाई असेल तर यजमानांना म्हणा, या बाईंचा आवाज एकदा धरून ठेवायचा आहे, मला जमत नाही, तुम्ही फक्त माइक लावून द्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. आज त्यातल्या काही ‘पारी’च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्या ऐकून बघा, दोघांनी मिळून. गावोगाव अजून किती जणींचा आवाज कुणी धरलेला नाही, हे त्यांना ऐकता ऐकता कळेल. माइक कुठला, किती अंतरावर, पंखा बंद की चालू, हे ठरवायला लागले की ते टीव्हीसमोरून उठतील असं मला अनुभवानं वाटतं. नाहीच उठले, आणि झोप, भूकही उडाली असेल, तर डॉक्टरांकडे घेऊन जा. त्यात कमीपणा मानू नका.

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे. तुमच्या मशीनचं नाव आमच्या भागात अजून घेतात. ते नाव मला विकत द्याल का? योग्य ती किंमत देईन.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाव देणार नाही. ते नाव घेऊन येणारा माणूस त्या मशीनमध्ये माझा हात आहे असं समजून पैसे देईल, आणि तसं नसेल. सर्किट मात्र चारही पाठवतो, पैसे नकोत. त्यातलं १०० वॅटचं आधी बनवा, त्याच्या ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरमध्ये मला अजून समाधान नाही, ते तुम्ही सुधारा. मग स्वतःच्या नावानं विका. पहिल्या दहा मशीनवर नंबर घाला आणि वही ठेवा. कधी मिरजेला आलात तर घरी या, मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसाच्या दिवसांत आलात तर गाणंही ऐकून होईल.

प्रश्न : वडिलांचा साउंडचा धंदा होता, आता बंद आहे. त्यांनी १९९०–९५ या काळात भरलेल्या भजनाच्या कॅसेट मी डिजिटल केल्या. त्या इंटरनेटवर टाकू का? गाणारे बहुतेक हयात नाहीत.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : विचारून टाका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहे, आणि कार्यक्रम झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून तो ५० वर्षं चालतो. म्हणजे १९९४चं भजन २०४४ संपेपर्यंत. तुकोबांचे अभंग सगळ्यांचे आहेत, पण चाल कुण्या अलीकडच्या बुवांनी बांधलेली असू शकते, तेही बघा.

कायदा बाजूला ठेवला तरी घरोघर जाच. मी २१२ पैकी साठेक कॅसेटच्या गावी जाऊन आलो. पेनड्राइव्हवर प्रत द्यायची, ओसरीवर बसून एकदा ऐकायचं, आणि मग विचारायचं. एका घरानं नको म्हटलं. मुलगा म्हणाला, वडील त्या रात्री आजारी होते, आवाज लागला नव्हता, तो लोकांनी ऐकू नये. ती कॅसेट मी त्यांनाच दिली आणि माझ्याकडची प्रत त्यांच्यासमोर पुसली. दुसरीकडे पेटीवाल्यांचं नाव मला माहीत नव्हतं, ते तिथं कळलं, साल कळलं, गाव कळलं. ही नावं फाइलसोबत लिहून ठेवा. नाव नसलेला आवाज पुढच्या पिढीला कुणाचा म्हणून सांगणार?

प्रश्न : मीही नुकताच निवृत्त झालोय. विकण्यासाठी नाही, फक्त घरी ऐकण्यासाठी एक व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर स्वतः बनवायचा आहे. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : एका ईएल८४ व्हॉल्व्हवर सुरुवात करा, डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला एक. पाचेक वॅट मिळतात, घरात पुरतात. माझंही तेच चालू आहे, आणि दोन वर्षं झाली. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ५.२ किलोओहमचा लागतो, तो मी तीनदा भरला. पहिल्यात वरचे सूर दबले, कारण प्रायमरी (व्हॉल्व्हकडची तार) सलग भरली होती. दुसऱ्यात प्रायमरी आणि सेकंडरी (स्पीकरकडची तार) यांचे थर आळीपाळीनं घातले, तर पट्ट्यांमधली फट कमी पडली आणि तंबोऱ्याचा खर्ज पोकळ झाला. तिसरा ठीक आहे, तरी चौथा भरणार आहे. गिऱ्हाईक असतं तर पहिलाच देऊन मोकळा झालो असतो, आणि ते मला आवडलं नसतं.

तुमच्याकडे दमट हवा आहे, तेव्हा वायंडिंगला व्हार्निश दोनदा द्या आणि उन्हाळ्यातच भरा. पहिल्यांदा चालू करताना ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट राहतात आणि ते माणसाला मारू शकतात, म्हणून त्या कपॅसिटरच्या दोन टोकांना २२० किलोओहमचा रेझिस्टर कायमचा जोडून टाका. तरीही हात घालण्याआधी मीटर लावून शून्य झालेलं डोळ्यांनी बघा. एकटे असताना उघडं मशीन चालू करू नका, घरात कुणीतरी हवं.

संपादकांच्या पत्त्यावर तिकीट लावलेलं पाकीट पाठवा, तिसऱ्या ट्रान्सफॉर्मरपर्यंतचा नकाशा लगेच पाठवतो. चौथा जमला की तोही.